घरे आणि व्यापार तोडून कोंडी सुटत नाही

सध्या हातोहात फिरणारा एक दावा असा: मोठ्या शहरातली सगळी कार्यालये आणि दुकाने एकाच व्यापारी केंद्रात न्या, घरे त्यापासून लांब ठेवा, मध्ये रुंद रस्ते काढा, भरपूर पार्किंग द्या, वाहतूक कोंडी संपेल. लोकांना तो पटतो, म्हणून त्याचा एकेक भाग तपासायला हवा.

'घरे लांब ठेवा.' ही कल्पना जुनी आहे. १९३३ साली आधुनिकतावादी वास्तुरचनाकारांच्या 'सियाम' परिषदेने निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक अशी शहराची चार अंगे मांडली. १९६० मध्ये ब्राझीलची राजधानी झालेल्या ब्राझिलिया शहरात त्याच विचाराने बँकांचा विभाग वेगळा आणि हॉटेलांचा वेगळा आखला गेला. कारखान्यांचा धूर घरांत शिरत होता, तेव्हा वेगळेपणाला अर्थ होता. पण शेजारी हिशेबनीस किंवा शिंपी बसला तर कोणाला त्रास होतो? जपानमध्ये सर्वांत कडक नियमांच्या निवासी विभागातही राहत्या घरात ५० चौरस मीटरपर्यंतचे दुकान चालते. बंदी आवाजावर, धुरावर, अवजड वाहनांवर हवी.

'सगळे एका ठिकाणी आणा.' यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. बँका, वकील, लेखापाल जवळजवळ असले की कामे भराभर होतात, मेट्रोलाही भरपूर प्रवासी मिळतात. मात्र तिथे कोणी राहतच नसेल, तर सकाळी सगळी गर्दी आत आणि संध्याकाळी सगळी बाहेर. लोकांना सोडून परतणाऱ्या गाड्या जवळपास रिकाम्या धावतात. खर्च दोन्ही दिशांचा, उपयोग एकाच दिशेचा. कार्यालये सुटली की उपाहारगृहे बंद होतात, रस्ता सामसूम होतो आणि उशिरा काम आटोपून निघालेल्या बाईला स्टेशनपर्यंत जीव मुठीत धरून चालावे लागते. मला हा या आखणीतला सर्वांत मोठा दोष वाटतो. २०२० मध्ये लोक घरून काम करू लागले, तेव्हा केवळ कार्यालयांवर जगणारे असे भाग ओस पडले.

'रुंद रस्ते काढा.' रस्ता मोकळा दिसला की जास्त लोक मोटार काढतात आणि काही वर्षांत तो पुन्हा भरतो. अशा केंद्राला रस्त्यांपेक्षा रेल्वेची गरज जास्त असते. लंडनमधले कॅनरी व्हार्फ हे व्यापारी केंद्र उभारणारी कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालमत्ता बाजारातली मंदी हे त्याचे मोठे कारण होतेच, पण तिथे पोहोचणेही अवघड होते. मोठ्या क्षमतेची भुयारी रेल्वे तिथे १९९९ मध्ये आली.

'भरपूर पार्किंग द्या.' इथे साधा हिशेब पुरेसा आहे. आत-बाहेर जायची वाट धरली तर एका मोटारीला साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. कार्यालयात एका माणसाला १० ते १५ पुरतात. प्रत्येकाने मोटार आणली तर माणसांपेक्षा मोटारींसाठीच दुप्पट मजले बांधावे लागतील. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्ती काढली आणि उलट कमाल मर्यादा घातली. वाचलेल्या मजल्यांवर घरे बांधली, तर त्यातली काही माणसे कामावर पायीच जातील.