बूड बघू नये

जुन्या काचेचा नाद लागलाय? छान. पहिला धडा घ्या: जुनी दिसेल ती प्रत्येक काच बेल्जियमची. आरसा बेल्जियमचा, हंडी बेल्जियमची, अत्तराची कुपीसुद्धा तिथलीच. एवढ्याशा देशाने एवढी काच केली कधी, असं चोरबाजारात विचारणाऱ्याला चहा मिळत नाही.

दुसरा धडा: वस्तू उलटी करू नये. नसतं काहीबाही दिसतं. हाताने फुंकलेलं भांडं सळईवरून तोडतात, तिथे बुडाला खडबडीत वण राहतो. घासला असेल तर गुळगुळीत खळगी. वर्षानुवर्षं वापरलेल्या बुडावर ओरखडे वेडेवाकडे असतात, तेही फक्त टेकणाऱ्या कडेवर. सगळे एका दिशेने कवायतीला उभे असतील, तर ती करामत पॉलिशपेपरची. हे कळून तुम्हाला मिळणार काय? दुकानदाराचा चेहरा तेवढा पडेल.

बाटलीच्या मानेवरूनही अंगठा फिरवू नये. साच्याची शिवण थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेलेली लागली, तर बाटली बहुधा यंत्रावरची निघते. ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, आणि तुम्हाला तर बाटली पेशवाईतली हवीय!

काचेत बुडबुडे दिसले की मात्र डोळे मिटून पैसे मोजा. ढिसाळ भट्टीत ते कालही आले असतील, पण शुभ बोलावं. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारल्यावर काच हिरवीगार पेटली, तर युरेनियमची म्हणून मिरवा. तशी काच आजही बनते, हे पाहुण्यांना सांगू नये.

गोटी सोड्याची बाटली मी अशीच घेतली. हिराम कॉडचं पेटंट १८७२ चं, म्हणून ही ‘ब्रिटिशकालीन’, पाचशे रुपये. कोपऱ्यावर आलो तर गाडीवाला तश्शाच बाटलीतून लिंबूसोडा पाजत होता. वीस रुपये, आणि बाटली परत द्यायची.

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील वगैरे भानगडीत तर पडूच नका. ती आपली माणसं, त्यांना कोण विचारतो? आमच्या माळ्यावरचा कंदील भंगारात गेला. भंगारवाल्याने लोखंड तोललं, काच कट्ट्यावर ठेवून दिली. आजी हिच्यात तोंडाने हाऽ करून राखेच्या फडक्याने पुसायची. परवा एका जाणकार पाहुण्यांनी ती उचलली, उजेडात धरली. उलटी करून बघावी तर कंदिलाच्या काचेला बूडच नाही.

“बेल्जियम?”

मी हो म्हटलं.