खिचडी नको, पाचट घाला

वर्गात गांडूळ खताचा डबा ठेवून विज्ञान शिकवावे, ही एका लेखातील सूचना मला मनापासून पटली. मात्र पोषण आहारातील उरलेली खिचडी त्या डब्यात टाकावी, या त्याच लेखातील सल्ल्याशी मी सहमत नाही. कोल्हापूरजवळच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात आम्ही तेच केले आणि चौथ्या दिवशी डब्याला आंबूस वास सुटून गांडुळे झाकणाच्या कडेला चढून बसली. गांडुळे ओलसर त्वचेवाटे श्वास घेतात, त्यामुळे मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. शिवाय शिजलेल्या भाताचा गोळा होऊन हवा अडते. त्यानंतर आम्ही तळाशी भिजवून पिळलेले उसाचे पाचट (आपल्याकडे त्याला तोटा नाही) अंथरले, वर भाजीचे देठ व केळीच्या साली बारीक करून मूठभरच घातल्या, तेव्हा कुठे घडी बसली.

मुले खरी रमली ती भिंगातून पाहताना. गांडुळाच्या अंगावरची जाडसर मेखला (पट्ट्यासारखा भाग) आणि लिंबाच्या आकाराचे, पण जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळसर अंड्यांचे कोष पाहून वर्ग शांत झाला. ‘डोळे नाहीत, तर उजेड कसा कळतो?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा त्वचेतील प्रकाशसंवेदी पेशींविषयी आपोआपच बोलणे झाले.

शेतातली गांडुळे मात्र खणून आणू नयेत. ती मातीत राहणारी असतात. कचऱ्यावर वाढणारी आयसेनिया फेटिडा हीच जात घ्यावी आणि मे महिन्याच्या सुट्टीत डबा कोण सांभाळणार, हे आधीच ठरवावे.