केएसपीचं वर्गमूळ काढलं की झालं? अजिबात नाही!

अल्पविद्राव्य क्षारांची गणितं ‘दहा सेकंदात’ सोडवायची एक युक्ती विद्यार्थ्यांमध्ये फिरत असते. तिचं म्हणणं असं: विद्राव्यता गुणाकाराचं, म्हणजे केएसपीचं (संपृक्त द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा गुणाकार, संहती म्हणजे दर लिटरमागे मोल), वर्गमूळ काढा, तीच विद्राव्यता. ज्याचा केएसपी लहान, तो क्षार कमी विरघळतो. आणि वर्गमूळ चालत नसेल तिथे ४स³, २७स⁴ ही सूत्रं पाठ करून टाका, समीकरण मांडत बसू नका. (‘स’ म्हणजे दर लिटरमागे किती मोल क्षार विरघळला.) या युक्तीने ज्या मुलांचे गुण जातात त्यांना गणित येत नसतं असं नाही, त्यांना चुकीची वाट दाखवलेली असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वर्गमूळ चालतं, पण कुठे? सिल्व्हर क्लोराईडचा केएसपी २५ अंश सेल्सिअसला १.८ × १०⁻¹⁰. एका रेणुसूत्रामागे एक सिल्व्हर आयन आणि एक क्लोराईड आयन, दोघांची संहती ‘स’. वर्गमूळ १.३ × १०⁻⁵, उत्तर बरोबर. आता सिल्व्हर क्रोमेट घ्या, केएसपी १.१ × १०⁻¹². वर्गमूळ येतं साधारण १ × १०⁻⁶. पण इथे एका क्रोमेटमागे दोन सिल्व्हर आयन सुटतात. सिल्व्हरची संहती २स, आणि समतोलाच्या पदावलीत तिचा वर्ग होतो: (२स)² × स = ४स³. त्यातून स = ६.५ × १०⁻⁵. म्हणजे युक्तीचं उत्तर साठपटीने चुकलं. ‘दोनने गुणलं, वर वर्गही केला, मग दोनदा मोजलं ना?’ ही शंका हमखास येते. नाही. २स ही संहती आहे. वर्ग होतो तो विरघळण्याच्या रासायनिक समीकरणात सिल्व्हर आयनापुढे असलेल्या २ या सहगुणकामुळे.

दुसरा दावाही याच दोन क्षारांवर कोसळतो. क्रोमेटचा केएसपी क्लोराईडच्या दीडशेपटीहून लहान, तरी शुद्ध पाण्यात क्रोमेटच जवळजवळ पाचपट जास्त विरघळतं. केएसपीची थेट तुलना करायची तर आयनांचं प्रमाण सारखं हवं. मोर यांची टायट्रेशन पद्धत यावरच उभी आहे: द्रावणातलं क्लोराईड मोजायला त्यात सिल्व्हर आयन थोडे थोडे घालत जायचे, आणि क्लोराईड संपल्याची खूण म्हणून थोडं क्रोमेट ठेवायचं. क्रोमेट आयन ०.००५ मोल प्रति लिटर ठेवले, तर सिल्व्हर क्रोमेटचा लाल अवक्षेप (न विरघळता खाली बसणारा साका) पडायला सिल्व्हर आयन १.५ × १०⁻⁵ पर्यंत चढावे लागतात, आणि क्लोराईड संपण्याच्या नेमक्या बिंदूला ते १.३ × १०⁻⁵ असतात. म्हणून आधी सिल्व्हर क्लोराईडचा पांढरा अवक्षेप, क्लोराईड संपलं की लगेच विटकरी रंग. नुसता लहान केएसपी बघून ‘क्रोमेट आधी पडेल’ म्हणणाऱ्याला ही पद्धत कधीच उमगणार नाही.

पाठ केलेल्या सूत्रांचा खरा धोका फेरिक हायड्रॉक्साईडमध्ये दिसतो. केएसपी २.८ × १०⁻³⁹ धरून २७स⁴ (एका फेरिक आयनामागे तीन हायड्रॉक्साईड, म्हणून स × (३स)³) लावलं की स = १ × १०⁻¹⁰, म्हणजे हायड्रॉक्साईड ३ × १०⁻¹⁰. जरा थांबून हा आकडा बघा. शुद्ध पाण्यातच हायड्रॉक्साईड १ × १०⁻⁷ असतं! क्षाराने दिलेलं त्यापुढे नगण्य. मग पाण्याचंच १ × १०⁻⁷ घ्यायचं, त्याचा घन १ × १०⁻²¹, आणि मुक्त फेरिक आयन उरतात २.८ × १०⁻¹⁸. सूत्राने साडेतीन कोटीपटीहून मोठं उत्तर दिलं, कारण २७स⁴ हे ‘सगळे आयन याच क्षारातून आले’ या गृहीतकावर बेतलेलं आहे.

समाईक आयन, म्हणजे क्षारातलाच एखादा आयन द्रावणात आधीपासून, असला की हेच गृहीतक पुन्हा मोडतं. कॅल्शियम फ्लोराईड (केएसपी ३.९ × १०⁻¹¹) ०.१ मोल प्रति लिटर सोडियम फ्लोराईडमध्ये टाकलं, तर फ्लोराईड ०.१ च धरायचं, ०.२ नाही, बाहेरून आलेल्या आयनाला दोनने गुणायचं काहीच कारण नाही. विद्राव्यता ३.९ × १०⁻⁹.

आणि कॅल्शियम कार्बोनेट? प्रमाण एकास एक, तरी वर्गमूळ कमी पडतं. कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट होतो, समतोल पुढे सरकतो, आणि कार्बन डायऑक्साईड नसलेल्या पाण्यातही प्रत्यक्ष विद्राव्यता वर्गमुळाच्या जवळपास दुप्पट निघते.