प्रतिक्रियेला उत्तर : ‘ते रडकं पोर गेममध्ये हवंच कशाला?’

नमस्कार. निन्टेंडोच्या ‘योशीज आयलंड’ या गेमवरच्या लेखाखाली तुम्ही भरपूर लिहिलंय आणि चिडून लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : योशी या डायनासोरच्या पाठीवर बसणारा बेबी मारिओ, म्हणजे लहानगा मारिओ, हा नेहमीचाच हेल्थ बार (जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी), फक्त लंगोट नेसवलेला. त्याच्या रडण्याने डोकं उठतं आणि लेव्हलचे पूर्ण शंभर गुण मिळणं नशिबावर जातं. आणि एक युक्ती चालली म्हणून निन्टेंडोने पुढे दिसेल त्या पात्राचं बाळ काढलं. तिसरा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य. पहिले दोन नाहीत.

आधी हेल्थ बार. हेल्थ बारमध्ये फटका बसला की ठरलेली वजाबाकी होते आणि तुम्ही पुढे जाता. सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्रावरच्या 1995च्या या गेममध्ये योशीला स्वतःची हेल्थ मुळी नाहीच. शत्रूचा धक्का लागला की पाठुंगळीचं बाळ उडतं, बुडबुड्यात तरंगायला लागतं, टाहो फोडतं आणि पडद्यावरचा ताऱ्यांचा आकडा (बाळ परत पकडायला उरलेला वेळ) सेकंदाला एक या हिशेबाने उतरू लागतो. शून्यावर आला की कामेक या खलनायक जादूगाराचे टोडी नावाचे चेले येऊन बाळ उचलून नेतात आणि तुमचा एक जीव जातो. सुरुवातीला आकडा 10 असतो, जास्तीत जास्त 30 होतो. बाळ परत पाठीवर आलं आणि आकडा दहाच्या खाली असला, तर तो हळूहळू आपोआप दहापर्यंत भरतो. म्हणजे लगेच पकडलंत तर फटका एक-दोन ताऱ्यांत सुटतो, गांगरलात तर तोच फटका जीव घेतो. किंमत फटक्याची नाही, त्याच्यानंतर तुम्ही काय करता त्याची आहे. बेबी मारिओच्या जागी चार हृदयांची पट्टी लावून पाहा, हा सगळा हिशेबच उरत नाही.

आता रडणं. ते कर्कश आहे, मुद्दाम आहे, आणि त्याने माणूस घाबरतो हेही खरं. पण या गेममध्ये जीव बहुतेक वेळा आकडा शून्यावर आल्याने जात नाही. तो जातो बुडबुड्यामागे आंधळेपणाने उडी मारल्याने. खड्डा, लाव्हा आणि काटे योशीला तिथल्या तिथे संपवतात, तिथे तारे 30 असले तरी उपयोग नाही. म्हणून बाळ उडालं की पहिलं काम पळणं नव्हे. जागेवर थांबा आणि बुडबुडा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघा. जवळ असेल तर जिभेने ओढून घ्या, अंगाने शिवायलाच हवं असं काही नाही. लांब किंवा खड्ड्यावर असेल तर उडी मारून बटन दाबून धरा, म्हणजे योशी पाय झाडत हवेत थोडा वेळ टिकतो, आणि उडीच्या टोकाला जीभ काढा. वाटेत शत्रू असेल तर आधी त्याला योशीजवळचं फेकायचं अंडं हाणा. दहा सेकंद वाटतात त्यापेक्षा खूप असतात. अगदीच सहन होत नसेल तर आवाज बंद करून खेळा, आकडा पडद्यावर दिसतोच. मात्र आवाज नसला की पडद्याच्या कडेला गेलेलं बाळ उशिरा लक्षात येतं, तेवढं सांभाळा.

बँडिट हा शत्रू वेगळा. तो धावत येऊन बाळ पळवतो, त्यामुळे तो दिसताच त्याला अंडं मारलेलं बरं, जवळ येईपर्यंत वाट बघू नका.

शंभर गुणांचं गणित नशिबाचं नाही. लाल नाणी 20, त्यांचे 20 गुण. फुलं 5, प्रत्येकी 10 प्रमाणे 50. उरलेले 30 ताऱ्यांचे, आणि ते मोजले जातात लेव्हलच्या शेवटी, गोलच्या कड्यातून जाताना. इथेच बहुतेकांचं बिनसतं. सुरुवातीला मन लावून 30 तारे जमवतात, शेवटच्या वळणावर एक फटका बसतो, आकडा 24वर येतो आणि तो काही आपोआप वाढत नाही, कारण आपोआप भरणं दहापर्यंतच. तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी फुलं आणि लाल नाणी शोधा, कारण ती एकदा घेतली की फटक्याने जात नाहीत. ताऱ्यांची काळजी शेवटच्या टप्प्यात करा. मधल्या कड्यातून गेलात की 10 तारे मिळतात, पंखवाल्या ढगांना अंडं मारलं की काहींतून तारे पडतात, आणि लाल अंडं शत्रूला लागलं की 2 तारे सुटतात. एवढं करूनही कमी पडले तर बोनस खेळांत मिळालेली +10 किंवा +20ची कार्डं आहेत : स्टार्ट दाबा, कार्ड निवडा, मग गोलकडे चाला. कार्ड लेव्हलच्या सुरुवातीला वापरणं म्हणजे ते फुकट घालवणं. लाल नाणी सापडत नसतील तर भिंगाचं कार्ड ती उघडी पाडतं. तसंही लाल नाणं पिवळ्या नाण्यांत किंचित तांबूस दिसतं, नजर बसली की कार्ड लागत नाही. एका जगातल्या आठही लेव्हल 100वर नेल्या की त्या जगाची एक्स्ट्रा लेव्हल उघडते. त्या एक्स्ट्रा लेव्हल कठीण आहेत, तिथे तुमच्या चिडण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

तुम्ही एका गोष्टीचा उल्लेखच केला नाही, म्हणून सांगावंसं वाटतं. योशी हेलिकॉप्टर किंवा रणगाडा होतो तेव्हा बाळ पाठीवर राहू शकत नाही. ते बुडबुड्यात बसून योशीच्या ठोकळ्याकडे जातं आणि तुम्ही ठरलेल्या वेळात त्या ठोकळ्याला शिवायचं असतं. वेळ संपली तर आलात तिथेच परत. बाळ नसतं तर ही रूपांतरं मोकळी भटकंती झाली असती. तसंच प्रत्येक लेव्हलनंतर बाळ दुसऱ्या रंगाच्या योशीच्या पाठीवर जातं, आठ लेव्हल, आठ रंग. सारस पक्ष्याकडून हरवलेल्या जुळ्यांपैकी एकाला घेऊन निघालेली ही रिले शर्यत आहे. दुसरा, म्हणजे लुइजी, कामेकच्या ताब्यात. आणि शेवटच्या किल्ल्यात बेबी बाउझर काय मागतो? त्यालाही योशीच्या पाठीवरच बसायचं असतं! खलनायकही बाळ आणि त्याचा हट्टही बाळाचाच. मला तर हे सगळ्यात आवडतं.

नंतरच्या गेमांबद्दल तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजलंत, ते पटलं नाही. ‘योशीज आयलंड डीएस’ (2006) मध्ये पाठीवरचं बाळ बदललं की योशीच बदलतो. मारिओ असेल तर तो जोरात धावतो. राजकन्या पीच असेल तर तिच्या छत्रीमुळे वाऱ्याच्या झोतावर वर जातो. डाँकी काँग हा गोरिला वेलींवर चढू देतो. वारिओचं लोहचुंबक नाणी ओढतं. बाउझर आग ओकतो, पण मग अंडी फेकता येत नाहीत. यातली खोट वेगळी आहे : अदलाबदल फक्त सारसाच्या थांब्यावर होते, त्यामुळे चुकीचं बाळ घेऊन पुढे आलात की मागे पायपीट. त्यावर टीका केलीत तर मीही तुमच्यासोबत.

‘मारिओ अँड लुइजी : पार्टनर्स इन टाइम’ (2005) मध्ये बाळं आणि मोठे दोघंही एकत्र असतात. ए बटनावर मारिओ, बीवर लुइजी, एक्सवर बेबी मारिओ, वायवर बेबी लुइजी. मोठे जिथे मावत नाहीत तिथे बाळं शिरतात, आणि लढाईत मोठ्याने उडी मारून आपटताना पाठीवरच्या बाळाचं बटन नेमक्या क्षणी दाबलं की वार वाढतो. नवे खेळाडू दोन्ही बटनं एकदम दाबतात, ते चालत नाही. आधी ए, मग एक्स. शिवाय त्यातले श्रूब नावाचे परग्रहवासी कशाने हरतात, तर बाळांच्या अश्रूंनी. ज्या रडण्यावर तुम्ही वैतागलात, तेच इथे शस्त्र आहे.

मारिओच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतीच्या, गेमांत मात्र तुमचं खरं आहे. ‘डबल डॅश’ (2003) मध्ये बेबी मारिओ आणि बेबी लुइजी होते, तिथे निदान दोघांना चेन चॉम्प (साखळीला बांधलेला चावरा गोळा) हे खास अस्त्र होतं. ‘मारिओ कार्ट वी’ मध्ये बेबी डेझी आली, ‘मारिओ कार्ट 8’ मध्ये बेबी रोझलिना. या दोघींना ना गोष्ट, ना काम. हलक्या वजनाच्या गटात आणखी एक चेहरा, एवढंच. ती हलकी पात्रं वेग पटकन पकडतात पण कमाल वेगात मागे पडतात, आणि बाउझरने नुसता खांदा मारला तरी रस्त्याबाहेर. ते गुण त्या गटातल्या कुठल्याही पात्राला लागू आहेत, त्यासाठी रोझलिनाचं बाळ काढायची गरज नव्हती.

शेवटी एक दुरुस्ती. ‘बेबी बाउझर म्हणजेच बाउझर ज्युनियर’ असं तुम्ही लिहिलंय, तसं नाही. बेबी बाउझर म्हणजे खुद्द बाउझरचं बालपण. ज्युनियर हा त्याचा मुलगा, तो 2002च्या ‘सुपर मारिओ सनशाइन’ मध्ये पहिल्यांदा दिसला. ‘योशीज आयलंड’च्या शेवटी तुम्ही ज्याला हरवता तो पहिला. तो अडत असेल तर : आधीच्या टप्प्यात त्याच्या अंगावर जाऊ नका, योशीने जमिनीवर आपटून घेतलं की उठणारी लाट त्याला लागते. नंतर तो अवाढव्य होऊन पडद्याच्या पार्श्वभूमीतून तुमच्याकडे चालत येतो, तेव्हा फुग्यांना लटकलेली मोठी अंडी घ्या, वरून पडणारे दगड चुकवा आणि नेम धरूनच फेका. घाईत फेकलेलं अंडं त्याच्या बाजूने निघून जातं आणि पुढचा फुगा येईपर्यंत पायाखालची जमीन कमी होत राहते.