नहपानाचं नाणं आणि दादाची बंदी

घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद झाला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. माझी भाची, दादाची मुलगी, शाळेच्या प्रकल्पासाठी जिल्ह्यातल्या एका संग्रहालयात गेली होती. नहपान या शक राजाच्या चांदीच्या नाण्यावर तिनं मोबाइल धरला, तर पहारेकरी खेकसला, "फोटो काढायचा नाही!" दादा म्हणतो, बरोबर केलं त्यानं. पोरं रील काढतात, काचेवर रेलतात, बंदीच बरी.

दादा, ते नाणं काय सांगतं ठाऊक आहे? १९०६ साली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला असल्या १३,०००हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. निम्म्याहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, आपलं डोंगराचं चिन्ह ठोकलेलं. हरलेल्याचं नाक आणि जिंकलेल्याची खूण, नखाएवढ्या चकतीवर. पेटीवर कितीही वाकलं तरी ते धड दिसत नाही. फोटो काढून बोटांनी मोठा केला की दिसतं. पोरीला तेच बघायचं होतं.

इथे लंडनमध्ये शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मी मुलीला ब्रिटिश म्युझियममध्ये नेते. ट्रायपॉड नको, सेल्फी स्टिक नको. बाकी हवे तेवढे फोटो काढा. अमरावतीच्या स्तूपाचे दगड तिथे आहेत, सातवाहनांच्याच काळातले, बरेचसे १८४५ मध्ये वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्यानं खणून काढलेले. माझ्याकडे त्यांचे दोनशे तरी फोटो असतील. उसन्या आणलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनात इथेही कधी मनाई असते, पण कायमच्या दालनांत कुणी खेकसत नाही. आणि आपल्याकडचंच सांगायचं तर पुरातत्त्व खात्यानं २०१८ मध्ये आपल्या स्मारकांवरची फोटोबंदी उठवली. अजिंठा, लेहच्या राजवाड्यातली चित्रं आणि ताजमधली कबर एवढंच वगळलं. मग एका नाण्याला एवढं काय झालं?

दादाचं उत्तर आलं, "तुम्ही लोकांनी आमचे दगड नेले, आता फोटो काढू देता, त्याचं काय कौतुक?"

तुम्ही लोक. सख्ख्या भावानं मला असं लिहिलं. रात्रभर झोप लागली नाही, कारण त्यात थोडं खरं आहे.

अठरा वर्षं मी नाशकात काढली. पांडवलेणीच्या पायऱ्या असंख्य वेळा चढले, वर बसून भेळ खाल्ली. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं आपल्या मुलाची थोरवी कोरवून घेतली आहे: ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. नहपान क्षहरातच. म्हणजे नाणं बोलतं तेच ती आई भिंतीवर बोलते. हे मला नाशकात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लंडनच्या ग्रंथालयात कळलं, सेनार या फ्रेंच पंडितानं 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या नियतकालिकात छापलेल्या वाचनातून. असे शिलालेख अभ्यासकांपर्यंत पोचतात ते कागदावर घेतलेल्या ठशांमुळे. ठसा म्हणजे त्या काळचा फोटोच की. तो घेताना पहारेकरी आडवा आला असता तर बलश्री मला कधी भेटलीच नसती. माझ्या गावची बाई मला परदेशात भेटली, याची लाज मला आजही वाटते. भाचीवर तशी वेळ येऊ नये म्हणून मी भांडते आहे.

रविवारी ती लेण्यांवर गेली. लेखाचा फोटो आला, खालच्या कोपऱ्यात दादाची टोपी. त्यानं मात्र ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. मी ब्राह्मी अक्षरं जुळवत बसले आहे, पण ओळींची सुरुवात कापली गेली आहे. तिला लिहिलं, पुढच्या वेळी दोन पावलं मागे सरकून काढ, आणि बाबालाही ने.