‘कांदा लॉबीपुढे दिल्ली झुकते’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

गेले काही दिवस एक मेसेज फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप असा सगळीकडून येतोय. थोडक्यात म्हणणं असं की कांदेवाल्या शेतकऱ्यांची लॉबी एवढी जबरदस्त आहे की दिल्ली त्यांच्यापुढे झुकते, हे लोक माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, दडवून भाव चढवतात, आणि निर्यातबंदी होते ती गरिबाच्या ताटासाठी. माझं आजोळ नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे, मामा अजून कांदा लावतात, त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं हे लपवत नाही. तरी एकेक मुद्दा घेतो.

पहिला झुकण्याचा. नुसत्या तारखा बघा. सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, ती उठली मार्च २०२० मध्ये. सहा महिने होतात न होतात तोच सप्टेंबर २०२० ला परत बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट, आणि ८ डिसेंबरला थेट बंदीच, ३१ मार्चपर्यंत म्हणून लावलेली आणि मार्चमध्ये पुढची तारीखच न देता वाढवलेली. ४ मे २०२४ ला उठली तेव्हाही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क होतंच, आणि शेवटचं २० टक्के शुल्क गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. पाच वर्षांत तीनदा कुलूप. साधं जगायला सुद्धा ज्याला दर वेळी रस्त्यावर बसावं लागतं त्याला लॉबी म्हणत नाहीत हो.

जून २०२० मध्ये अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या बंधनातून मोकळा केला, मोठी बातमी झाली, मामांनी फोन करून सांगितलं होतं मला. ऑक्टोबरमध्ये त्याच कायद्यातल्या अपवादाच्या कलमावर बोट ठेवून घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची साठामर्यादा लावली. पाच महिनेही टिकलं नाही.

आता साठेबाजी. हे लिहिणाऱ्याने चाळ आतून बघितलेली नाही हे नक्की. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत देश तोच खातो, म्हणजे शेतकऱ्याने चाळीत ठेवला नाही तर सप्टेंबरमध्ये तुमच्या भाजीत कांदा येणार कुठून? आणि ठेवणं म्हणजे तिजोरीत ठेवणं नाही. पावसाळ्यात मामी आणि दोन बायका बसून कांदा निवडतात, सडलेल्याला पाणी सुटलेलं असतं, तो वास हाताला दिवसभर राहतो, काजळी म्हणजे काळी बुरशी आलेला वेगळा, कोंब फुटलेला वेगळा. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल वजनातून आणि सडून जातो. भाव चढेल की नाही माहीत नसताना एवढं नुकसान सोसणारा माणूस साठेबाज?

भाव कोण ठरवतो ते बघायचं तर लिलावाला उभं राहा. ट्रॅक्टर रांगेत, व्यापारी ट्रॉलीपाशी येतात, चार कांदे हातात घेऊन बघतात, बोली होते, मिनिटभरात विषय संपला. पटलं नाही तर भाडं भरून माल परत न्या. बोली लावणारे मोजके आणि एकमेकांना पक्के ओळखणारे असतात, स्पर्धा आयोगाने करून घेतलेल्या २०१२ च्या अभ्यासातही व्यापाऱ्यांच्या या संगनमताकडे बोट दाखवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी शुल्काविरुद्ध जवळपास दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. त्यांची शुल्काची मागणी मला मान्य आहे, पण ताकद कशी दिसते बघा, मूठभर माणसं, एक बैठक, बाजार बंद. हितसंबंधी गट याला म्हणतात. लाखो शेतकरी, प्रत्येकाची दोन-चार एकर, त्यांची अशी बैठक कधीच होऊ शकत नाही.

गरिबाच्या ताटाचं म्हणाल तर हातावर पोट असणाऱ्याला कांदा महागला की लागतं, खरं आहे ते. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले साधारण ३६ पैसे कांदा पिकवणाऱ्याला मिळतात असं आलंय. बाकीचे ६४ मधल्या साखळीत, आणि निर्यातबंदीचा दणका बसतो ३६ वाल्याला. असं का, तर १९९८ ला दिल्लीची विधानसभा कांद्याच्या भावाने घालवली हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. शहरात भाव वाढला की चॅनेलवाले मंडईत पोचतात. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये लासलगावच्या कांदा बाजारात किलोला तीन-चार रुपये मिळत होते तेव्हा किती कॅमेरे आले? राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं ते मोर्चा निघाल्यावर.

यावर एकाने ग्रुपमध्ये उत्तर दिलं की २०२४ च्या लोकसभेला शेतकऱ्यांनी दाखवलीच की ताकद. बरोबर, दिंडोरी आणि नाशिक दोन्ही सत्ताधाऱ्यांच्या हातातून गेल्या, कांद्याने रडवलं हे त्यांच्या नेत्यांनीच जाहीर बोलून दाखवलं, आणि विधानसभेच्या तोंडावर सप्टेंबरमध्ये डॉलरची अट काढून शुल्क २० वर आणलं. पण हे मत आहे, पाच वर्षांत एकदा मिळतं. लॉबी असती तर ८ डिसेंबर २०२३ च्या बंदीआधी कोणीतरी विचारलं असतं.

‘मग संघटना करा’ हेही ऐकलं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० मध्ये याच कांद्यावर केलं होतं ते, रस्ते अडवले होते लोकांनी. पण संप करायचा तर माल थांबवता आला पाहिजे. डिसेंबरातला असतो लाल कांदा, तो चाळीत टिकत नाही. ८ तारखेला मामांच्या दोन ट्रॉल्या भरून तयार होत्या, लिलाव बंद पडले, लोक महामार्गावर उतरले, मामाही गेले. चार हजाराच्या आसपास चाललेला क्विंटलचा भाव काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आला आणि त्या भावात त्यांनी दोन्ही ट्रॉल्या विकल्या, कारण ताडपत्रीखालचा कांदा गरम व्हायला लागला होता.