अडीचशे अक्षरांतला मी

एका परिषदेत बोलायला या, हे निमंत्रण मी ज्या उत्साहाने स्वीकारले, तो उत्साह संयोजकांच्या दुसऱ्या पत्राने मावळला. सोबतच्या ऑनलाइन अर्जात आपला अल्पपरिचय इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, प्रत्येकी २५० अक्षरांच्या आत, आज रात्रीपर्यंत भरून द्यावा, एवढेच त्या पत्रात होते. बावीस वर्षे सॉफ्टवेअर कंपन्यांत काढून, त्यांपैकी शेवटची आठ उपाध्यक्षपदावर मिरवून, आता स्वतःची कंपनी चालवणाऱ्या माणसाला स्वतःविषयी अडीचशे अक्षरे लिहिणे जड जाऊ नये, अशी कोणाचीही समजूत होईल. माझीही होती.

इंग्रजी परिचय तर तयारच होता. तो मी गेली काही वर्षे जवळ बाळगून आहे आणि प्रसंग पाहून त्यातले एखादे विशेषण बदलतो. ‘बाइलिंग्वल टेक्नॉलॉजी एक्झिक्युटिव्ह टर्न्ड आंत्रप्रनर’ अशी त्याची सुरुवात आहे. पुढे मी ‘ट्रान्सफॉर्मेशनल इनिशिएटिव्ह्ज’ ‘स्पीअरहेड’ केल्याचे आणि कसलीशी ‘सिनर्जी’ ‘लेव्हरेज’ केल्याचे येते, आणि सध्या मी मातृभाषेतली अभिव्यक्ती ‘रीइमॅजिन’ करत असल्याच्या शुभवार्तेवर त्याचा शेवट होतो. तो वाचला की हा माणूस कोण आहे, त्याला एकदा भेटले पाहिजे, असे मलाच वाटू लागते. तो अर्जात चिकटवायला दहा सेकंद लागली. मग मी मराठी रकान्याकडे वळलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

‘बाइलिंग्वल’साठी ‘द्विभाषिक’ हा शब्द आहे, पण त्याने जाणत्या वाचकाला १९५६ सालचे द्विभाषिक मुंबई राज्य आठवते, आणि त्याचे १९६० साली दोन तुकडे करावे लागले हेही आठवते. ‘दुभाष्या’ लिहिले तर दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगणारा, म्हणजे स्वतःचे काहीच म्हणणे नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आणि खरे सांगायचे तर उपाध्यक्षाचे काम याहून फारसे वेगळे नसते. “‘दुतोंडी’ कसं वाटतं?” असे बायकोने स्वयंपाकघरातून सुचवले. ‘टर्न्ड’ने तर आणखी छळले. ‘वळलेला’ म्हटले की घाटातली गाडी, ‘पालटलेला’ म्हटले की ऋतू, ‘उलटलेला’ म्हटले की विश्वासू नोकर, आणि ‘उद्योजकात रूपांतर झालेला’ म्हटले की कोशातून नुकताच बाहेर आलेला कीटक.

तरीही शब्द मिळाले असते. खरी फजिती केली ती व्याकरणाने. इंग्रजी वाक्यात कर्ता घोड्यावर बसून सर्वांत पुढे असतो आणि क्रियापद भालदार-चोपदारांसारखे त्याच्या मागोमाग येते. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की ते कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मी प्रकल्प केला, मी योजना केली, मी काम केले. ‘मी’ कितीही फुगला तरी ‘केला, केली, केले’ त्याला विचारत नाहीत. त्यांना केवळ कर्म हवे असते. ‘स्पीअरहेड’ केले ते ठीक, पण मराठीत नेमके काय केले, हे सांगितल्याखेरीज शेवटचा स्वरसुद्धा ठरत नाही. मी आठवू लागलो. दर गुरुवारी मी एक बैठक घेत असे. त्या बैठकीत गेल्या गुरुवारच्या बैठकीचे काय झाले, याची विचारपूस होत असे. ‘बैठका घेतल्या’ असे मी लिहिले, थोडा वेळ त्याकडे पाहिले, आणि खोडले.

या व्याकरणाशी माझे जुने वैर आहे, किंबहुना माझी निम्मी कारकीर्द त्यावरच उभी आहे. कंपनीतल्या साहेबांच्या लेखी ‘द्विभाषिक’ या गुणाचा अर्थ असा होता की, मराठीशी संबंध असलेली प्रत्येक कटकट याच्याकडे पाठवावी. पहिली कटकट आली ती जतन करण्याच्या बटणाची. बाहेरच्या भाषांतरकाराने कोणताही पडदा न पाहता, नुसती शब्दांची यादी समोर ठेवून काम केले होते, त्यामुळे प्रत्येक पानाच्या कोपऱ्यातले एक निळे बटण ‘वाचवा’ असा टाहो फोडत होते. ते दुरुस्त केले, तर पुढे निरोपाचा प्रश्न आला. इंग्रजीत ‘सेव्ह्ड’ या एका शब्दावर भागते आणि मोकळ्या जागेत वस्तूचे नाव बसवता येते. मराठीत फाइल जतन केली, फोल्डर जतन केला आणि चित्र जतन केले. एका ओळीच्या जागी तीन हव्यात, अनेकवचन धरले तर आणखी हव्यात, हे मी इंग्रजीतून समजावून सांगितले तेव्हा बैठकीत शांतता पसरली, आणि तुमच्या भाषेला फोल्डर पुरुष आहे हे कोणी सांगितले, असा प्रश्न मला अत्यंत सभ्यपणे विचारण्यात आला. त्याचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

पण माझे खरे पाप दुसरेच आहे आणि ते इथे कबूल करणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नावनोंदणीचा एक अर्ज बनवला होता आणि त्यातल्या रकान्यांना २५५ बाइटची मर्यादा घातली होती; बाइट म्हणजे संगणकातला साठवणुकीचा एक छोटा कप्पा. का, असे कोणी विचारले नाही. एका बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५ आहे, आणि आमच्या पिढीचे प्रोग्रामर हा आकडा मंत्रासारखा, अर्थ न विचारता म्हणत. इंग्रजीत त्याने कोणाचे काही बिघडत नसे, कारण इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरीचे तसे नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरीला १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून १२८ घरांचा एक वाडा मिळालेला आहे. पण ते क्रमांक बाइटांत साठवण्याच्या, आज जगभर चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत, जी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताटाखाली अंथरलेल्या कागदावर मांडली, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, संगणकाला ती चार चिन्हे वाटतात आणि त्यांचे बारा बाइट होतात. मोबाइलवरच्या साध्या संदेशातही हाच जाच आहे. इंग्रजीत १६० अक्षरे जातात, आणि मराठीचे एक अक्षर जरी शिरले तरी सगळ्या संदेशाची मर्यादा ७० चिन्हांवर येते.

मराठी मजकूर मधेच तुटतो, अशी तक्रार येऊ लागली तेव्हा मी उपाध्यक्ष झालो होतो. दुरुस्ती कठीण नव्हती, कंटाळवाणी होती. शेकडो ठिकाणी जाऊन बाइट मोजायचे थांबवून चिन्हे मोजायची होती. मी ती कामांच्या यादीत घातली, तिच्यापुढे ‘प्राधान्य तीन’ असे लिहिले आणि ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ असे सांगितले. जाणकार वाचकांना ठाऊक असेल की प्राधान्य एकची कामे करतात, प्राधान्य दोनच्या कामांवर चर्चा करतात, आणि प्राधान्य तीन ही कामे पुरायची जागा आहे. असे मी नऊ तिमाह्या केले. दहाव्या तिमाहीत, वयोमानाप्रमाणे म्हणा किंवा आईने मोबाइलवर लिहिलेले पत्र मधेच तुटून आले म्हणून म्हणा, माझे मन पालटले आणि मी वरिष्ठांकडे या कामासाठी माणसे मागितली. “पुढच्या तिमाहीत पाहू,” असे ते म्हणाले. शब्द माझे होते, सूरही माझाच होता. दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि जे काम स्वतः नऊ वेळा पुढे ढकलले होते, तेच करण्यासाठी कंपनी काढली.

कंपनी काढली म्हणजे भाषा सुटली असे नव्हे. उलट गुंतवणूकदारांची एक तिसरीच भाषा शिकावी लागली. मी एकदा ती आईला मराठीत समजावून सांगितली. सुरुवातीला देवदूत भेटतो, तो बी देतो, ते बी पेरायचे नसून दरमहा थोडेथोडे जाळायचे असते. किती महिन्यांचे उरले आहे त्याला धावपट्टी म्हणतात आणि ती संपायच्या आत उडावे लागते. बरोबरच्या माणसांना कंपनीत वाटा मिळतो, पण तो सहसा चार वर्षांत हळूहळू, आणि पहिले वर्ष पुरे व्हायच्या आत जो जाईल तो रिकाम्या हाताने जातो. या वर्षाला कडा म्हणतात. हे सगळे पार पडून कंपनीचे मोल एक अब्ज डॉलरच्या वर गेले की ती एकशिंगी घोडा होते; हे नाव २०१३ साली आयलीन ली या गुंतवणूकदार बाईंनी दिले, कारण अशा कंपन्या तेव्हा फार दुर्मिळ होत्या. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि नोकरीत पगार वेळेवर मिळायचा ना रे?”

आकड्यांतही हाल झाले. मी विचार करतो लाखांत आणि बोलतो मिलियनमध्ये; मधला एक शून्य कोणत्या भाषेत मोजायचा, हे तोंड उघडेपर्यंत निश्चित नसते. एका सादरीकरणात मी एक कोटी संभाव्य ग्राहकांना एक मिलियन म्हणालो, म्हणजे नव्वद लाख लोक एका श्वासात हाकलून दिले. समोरच्यांना माझा संयम आवडला.

तर त्या रात्री नऊ वाजता माझा मराठी रकाना कोरा होता. शेवटी आईलाच विचारले, कारण तिची सारी नोकरी सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिण्यात गेली आहे. इंग्रजी फुशारकीपुढे मराठी बिचारी साधी आणि खरी, असा जो एक हळवा निष्कर्ष मी काढू पाहत होतो, त्याला तिने पाच मिनिटांत सुरुंग लावला. “कर्ता अडतोय ना? मग काढून टाक,” असे म्हणून तिने सांगितले आणि मी लिहून घेतले: ‘सदर कालावधीत विविध उपक्रम हाती घेण्यात आले. त्याबाबत वेळोवेळी आढावा घेण्यात येऊन उचित कार्यवाही करण्यात आली.’

मी थक्क झालो. माझ्या गुरुवारच्या बैठकांचे इतके अचूक आणि इतके निरुपद्रवी वर्णन मला बावीस वर्षांत करता आले नव्हते. “पण आई, यात मी कुठे आहे?”

“नाहीसच,” ती म्हणाली. “‘करण्यात आली’ लिहिलं की उद्या चौकशी लागली तरी कोणी सापडत नाही.”

मोह फार झाला. पण परिचयात निदान ज्याचा परिचय आहे तो सापडावा, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. साडेअकराच्या सुमारास, जांभया देत, मी सगळी विशेषणे आणि सगळे ‘घेण्यात आले’ पुसून टाकले आणि असे लिहिले: ‘यांनी बावीस वर्षे सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी केली. नंतर ती सोडून स्वतःची कंपनी काढली. सध्या ते मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर बनवतात.’ यात खोटे काही नव्हते, किंबहुना काहीच नव्हते. रकान्याखालचा आकडा सांगत होता की अजून बरीच अक्षरे शिल्लक आहेत. मी अर्ज पाठवला आणि झोपलो.

परिषदेच्या दिवशी सूत्रसंचालिकेने आधी इंग्रजी परिचय वाचला. भाला, सिनर्जी, सगळे व्यवस्थित पार पडले आणि मागच्या भव्य पडद्यावर ते चांगले लांबरुंद दिसलेही. मग तिने मराठी परिचय सुरू केला. आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते. “यांनी बावीस वर्षे सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी केली. नंतर ती सोडून स्वतःची कंपनी काढली. सध्या ते मर…”

ती थांबली. सभागृहही थांबले. मी व्यासपीठाच्या दुसऱ्या पायरीवर एक पाय उचललेल्या अवस्थेत वर पाहिले. पडद्यावर ‘सध्या ते मर’ इतकेच होते, आणि त्यापुढे पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची एक काळी खूण व तिच्या पोटात पांढरे प्रश्नचिन्ह. उद्योजकाच्या सद्यःस्थितीचे याहून नेमके वर्णन मी केले नसते.

माणूस कोसळताना आयुष्य डोळ्यांपुढून जाते म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढून बाइट गेले. पहिल्या दोन वाक्यांत सत्तर चिन्हे, म्हणजे २१०. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम मिळून पंधरा, झाले २२५. ‘सध्या ते’ आणि त्यामागच्या दोन मोकळ्या जागा मिळून तेवीस, झाले २४८. ‘म’ आणि ‘र’ यांचे सहा, झाले २५४. पुढच्या कान्याला तीन बाइट हवे होते आणि उरला होता एक. पडद्यावर अक्षरे मोजणाऱ्याने अक्षरे मोजली होती, आत साठवणाऱ्याने बाइट मोजले होते, आणि २५५वर कात्री चालवली होती.

पहिल्या रांगेतल्या कोणीतरी सहृदयाने टाळी वाजवली, मागून हशा आला, आणि मी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून माइकपाशी जाऊन उभा राहिलो. भाषण बरे झाले असावे. खाली उतरलो तेव्हा अर्जाचे काम पाहणारा एक तरुण माझ्यापाशी आला. वय फार तर चोवीस-पंचवीस, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर मनापासूनचा संकोच.

“सॉरी सर,” तो म्हणाला. “देवनागरीत तसं तुटतं. आम्हाला माहीत आहे. यादीत आहे ते.”

“प्राधान्य?” मी विचारले.

“तीन, सर.”